आप्पांचं जड झालेलं स्टिअरिंग

जावयाशी काय बोलायचं, हा प्रश्न आप्पांना सोळा वर्षं सुटला नव्हता.

जावई दातांचा डॉक्टर. हळू बोलणारा, हळू चालणारा, खुर्ची सरकवली तरी तिचा आवाज होऊ न देणारा. आप्पांची उभी हयात कारखान्याच्या टूलरूममध्ये गेलेली. तिथं शेजारच्या माणसाला किती वाजले हे विचारायचं तरी ओरडावं लागे. हे दोघं समोरासमोर बसले की "काय डॉक्टर, बरं ना?" "बरं आहे, आप्पा. तुमचं?" "आमचं काय, चाललंय," इथवर यायचे आणि अडायचे. मग आप्पा वर्तमानपत्र उघडत, डॉक्टर खिडकीबाहेर बघत बसे, आणि माई आतून चहा आणून दोघांची सुटका करत. भांडण म्हणाल तर कधीच नाही. भांडायलाही आधी बोलावं लागतं. आप्पांची लेक, ठकी, आईला म्हणायची, "माझ्या नशिबी हे दोन मुके आलेत. एकाला मी निवडलं, दुसरा आयता मिळाला."

त्या शनिवारी सकाळी डॉक्टर एकटाच आला, आणि तो का आलाय हे आप्पांना फाटकाची कडी वाजली तेव्हाच कळलं.

त्याला कारण होतं. आप्पांकडे एक जुनी गाडी होती. फिकट निळी, लांबलचक, पुढं दोन गोल दिवे. कारखान्याच्या मॅनेजरीणबाईंनी ती विकायला काढली तेव्हा आप्पांनी घेतली, आणि गेली तीस वर्षं तिच्या अंगाला दुसऱ्या कुणाचा पाना लागू दिला नव्हता. त्या काळातल्या फार थोड्या गाड्यांना पॉवर स्टिअरिंग असे, हिला होतं. एका बोटानं चाक फिरायचं. आप्पा पाहुण्यांना ते मुद्दाम करून दाखवायचे. पण गेले चार महिने ते स्टिअरिंग दिवसेंदिवस जड होत चाललं होतं. आधी वळताना नुसतं कण्हायचं, मग इंजिनाखाली तेलाचे डाग पडू लागले, आणि पंधरा दिवसांपूर्वी औषधाच्या दुकानापाशी वळताना चाक अर्ध्यावरच अडलं. गाडी फुटपाथवर चढली आणि तिथं उभी केलेली शिंप्याची पाटी आडवी करून थांबली. कुणाला काही लागलं नाही. पण मागच्या सीटवर नात होती. दर बुधवारी तिला पोहायच्या क्लासला नेण्याचं काम आप्पांकडे असे. नात अकरा वर्षांची. घरी जाऊन तिनं तो प्रसंग साग्रसंगीत, शिंप्याच्या हातवाऱ्यांसकट सांगितला.

"बसा, डॉक्टर," आप्पा म्हणाले.

डॉक्टर बसला. आप्पाही बसले. माई आतून डोकावल्या, दोघांचे चेहरे बघितले आणि चहाचं आधण ठेवायला परत गेल्या.

"ठकी कशी आहे?"

"बरी आहे." डॉक्टरनं चष्मा काढला, पुसला, परत लावला. "आप्पा, ठकी म्हणत होती..."

आप्पांनी मनातल्या मनात कंबर कसली. गाडी विका म्हणतील, नाहीतर किल्ली द्या म्हणतील. उत्तरं त्यांनी आंघोळ करतानाच तयार ठेवली होती.

"म्हणत होती की..." डॉक्टरनं शर्टाची बाही ओढली. "स्टिअरिंगला नक्की झालंय काय?"

आप्पांची सगळी उत्तरं वाया गेली. ते उठले. "या. दाखवतो."

घराला लागून पत्र्याची शेड होती, तिच्यात गाडी आणि आप्पांचा सगळा संसार. भिंतीवर पाने मापाप्रमाणे टांगलेले, प्रत्येकाच्या मागं त्याची रंगानं काढलेली आकृती, म्हणजे कुठला जागेवर नाही हे लांबूनच कळावं. कारखान्यात आप्पांना ‘सूतभर’ म्हणायचे. कुठलंही काम दाखवलं की ते डोळा बारीक करून "सूतभर जास्त आहे" असं म्हणत, आणि मोजल्यावर ते खरंच निघे.

त्यांनी बॉनेट उघडलं. "हा पंप. इंजिनाच्या पट्ट्यावर फिरतो, तेल दाबानं या नळीतून खाली स्टिअरिंगच्या पेटीत पाठवतो. आपण चाक थोडं वळवलं की बाकीचा जोर ते तेल लावतं. तेल गळलं, दाब गेला. दाब गेला की सगळा भार आपल्या खांद्यावर."

"म्हणजे सगळा प्रश्न गळतीचा."

"सीलं गेलीत. रबर जुनं झालं, दुसरं काय. कोपऱ्यावरचा मेकॅनिक म्हणतो, याचे भाग मिळत नाहीत, गाडी शोभेला ठेवा. त्याला म्हटलं, शोभेला मी आहे घरात." आप्पांनी फळीवरचा खोका काढला. "भाग मागवलेत मी. सीलं, रबरी कडी, नवी नळी. दोन महिने लागले यायला. आठवडा झाला, पडून आहेत."

"मग बसवले का नाहीत?"

आप्पांनी उजवा खांदा चोळला. "हा वर होत नाही हल्ली."

ते खरं होतं, पण सगळं खरं नव्हतं. दुसरं कारण आप्पांनी माईंनाही सांगितलेलं नव्हतं.

डॉक्टरनं घड्याळ काढून खिशात ठेवलं आणि बाह्या कोपरापर्यंत दुमडल्या. कामाला लागण्यापूर्वी तो दवाखान्यात रोज तसंच करत असणार, इतकं ते हाताच्या सवयीचं होतं. "सांगा," तो म्हणाला. "मला यातलं काही कळत नाही. पण सांगितलेलं मी नीट करतो."

गाडीचं पुढचं अंग जॅकवर उचलून खाली स्टँड लावले. जुनं तेल काढायला भांडं हवं होतं. माईंनी कुरकुरत एक मोठी काचेची बरणी दिली. "परत माझ्या फडताळात आलेली चालणार नाही" अशी ताकीदही दिली. आप्पांनी परतीची नळी सोडवून तिचं तोंड बरणीत धरलं. गढूळ, फेसाळ, तपकिरी-लाल तेल भसाभसा आलं. बरणी त्यांनी खिडकीत ठेवून दिली.

मग पंप उतरवायचा. तीन बोल्ट सुटले, चौथा असा कुठं लपलेला की दिसतही नाही आणि हातही जात नाही. आप्पांनी दोन वेळा प्रयत्न केला. डॉक्टर बाजूला उभा राहून बघत होता. शेवटी म्हणाला, "मी बघू?" त्यानं खिशातून दात बघायचा लांब दांड्याचा छोटा आरसा काढला, पंपाच्या मागं सरकवला, आणि आरशात बघत दुसऱ्या हातानं पाना घातला.

"हे खिशात घेऊन हिंडता?"

"सवय. आणि डाव्या-उजव्याचा घोळ होत नाही. आयुष्यभर सगळं उलटंच बघितलंय मी."

बोल्ट कुरकुरला आणि सुटला. आप्पांनी पुढचा पाना डॉक्टरच्या हातात मुठीच्या बाजूनं दिला, जसा टूलरूममध्ये बरोबरीच्या माणसाला देतात.

पंप टेबलावर आला. त्याच्या दांड्याभोवतीचं सील काढायचं म्हणजे नाजूक काम. ओरखडा पडला तर नवं सीलही गळणार. आप्पा छिन्नी शोधू लागले, तर डॉक्टर आपल्या गाडीतून बॅग घेऊन आला. आतून त्यानं हातमोजे आणि टोकाशी वाकडी असलेली एक बारीक सळई काढली.

"अक्कलदाढेचं मूळ तुटून आत राहिलं तर याने काढतो," तो म्हणाला.

"दुखतं का?"

"पंपाला? भूल देऊ का?"

आप्पा हसले. आधी नाकातून, मग मोठ्यानं. घरात भाजी चिरणाऱ्या माईंची सुरी थांबली. त्या दोघांत हसण्याचा आवाज त्यांनी यापूर्वी ऐकला नव्हता.

सील निघालं. डॉक्टरनं ते हातमोज्याच्या बोटांत धरून दाबलं. "आप्पा, रबर जुनं झालं की असं होतं?"

आप्पांनी ते घेतलं. मऊ होतं. फुगलेलं, लिबलिबीत, चहात जास्त वेळ राहिलेल्या बिस्किटासारखं. जुनं रबर दगडासारखं होतं, त्याला चिरा पडतात. हे त्यांना चाळीस वर्षांपासून ठाऊक होतं.

"होतं कधी कधी," ते म्हणाले आणि सील चिंधीत गुंडाळून ठेवलं.

संध्याकाळपर्यंत पंपाला नवं सील आणि नवी कडी बसली. स्टिअरिंगच्या पेटीचं खालचं सील उद्यावर राहिलं. डॉक्टर हात धुऊन निघाला तेव्हा आप्पा त्याला फाटकापर्यंत पोचवायला गेले. तेही नवीन होतं.

रविवारी आप्पा सूर्य उगवायच्या आत उठून शेडमध्ये गेले. झोप नीट लागलीच नव्हती. ते मऊ सील डोक्यातून जात नव्हतं. खिडकीत उजेड येत होता आणि त्या उजेडात बरणी उभी होती. तेल आता गढूळ नव्हतं. रात्रभर निवळून त्याचे दोन थर झाले होते. वर लाल, आणि खाली, बरणीच्या तिसऱ्या हिश्श्याइतकं, पिवळसर, मधासारखं.

स्टिअरिंगचं तेल लाल असतं. पिवळं असतं ते ब्रेकचं.

आप्पा फळीकडे वळले. तिथं दोन डबे शेजारी-शेजारी होते. एकाच कंपनीचे, एकाच आकाराचे, एकाच पांढऱ्या रंगाचे. फरक काय तो अक्षरांचा. त्यांनी एक डबा नाकापर्यंत आणला. अक्षरं धुक्यात बुडालेली होती. उजवा डोळा मिटला तर डब्यावर अक्षरं आहेत हेही समजत नव्हतं. चार महिन्यांपूर्वी असाच एक डबा उचलून त्यांनी स्टिअरिंगच्या तेलाची डबी भरली होती. ब्रेकचं तेल त्या रबराला चालत नाही. ते फुगतं, कुजतं, आणि मग गळतं. गाडी म्हातारी झाली नव्हती. शिंप्याच्या पाटीवर तिला आप्पांनीच घातलं होतं.

ते पालथ्या घातलेल्या बादलीवर बसून राहिले. सूतभर फरक नुसत्या नजरेनं सांगणारा माणूस. वर्षभर ते डोळ्याचं लपवत होते. वर्तमानपत्राचे मोठे मथळे वाचून बाकीचं समजल्यासारखं दाखवायचे, माईंना विचारायचे, "काय म्हणतायत बघ खाली."

उजाडलं, चहा झाला. डॉक्टरची गाडी आली तेव्हा आप्पा मागच्या नळावर हात धूत होते. तिथून शेडच्या खिडकीतून आतलं दिसायचं. स्पष्ट नाही, पण हालचाल कळायची. डॉक्टर आत आला. बरणीपाशी थांबला. ती उचलून त्यानं उजेडात धरली, झाकण काढून वास घेतला. मग फळीपाशी गेला आणि दोन्ही डबे फिरवून वाचले. थोडा वेळ तो तसाच उभा होता. मग त्यानं बरणी टाकाऊ तेलाच्या पिंपात ओतली आणि आतून पुसून पालथी घातली.

आप्पा आत आले तेव्हा तो बाह्या दुमडत होता. "सुरू करायचं, आप्पा?"

"करू," आप्पा म्हणाले.

पहिला अर्धा तास त्यांना हायसं वाटलं. विषय मिटला. कुणाला कळणार नाही. डॉक्टर गाडीखाली उताणा पडून स्टिअरिंगच्या पेटीच्या खालचा लोखंडी हात पुलरनं ओढून काढत होता, आणि आप्पा बसल्या जागेवरून सूचना देत होते. पण हळूहळू त्या हायसं वाटण्याला आंबूस वास येऊ लागला. लहान मुलानं काही सांडलं की मोठी माणसं पुसून घेतात आणि न बघितल्यासारखं करतात, तसं आपल्याला केलं. जावयानं. आपल्याच शेडमध्ये.

आणि मग, चिंधी पिळता पिळता, त्यांचे हात एकदम थांबले.

"डॉक्टर," ते म्हणाले. "बाहेर या."

"एक मिनिट, हे निघतंय..."

"बाहेर ये!"

सोळा वर्षांत पहिल्यांदा ‘ये’ निघालं होतं. डॉक्टर घसरत बाहेर आला. कपाळाला ग्रीस, चष्मा तिरपा.

"बरणी कुठाय?"

डॉक्टर चष्मा सरळ करू लागला.

"मी बघितली होती सकाळी. तुझ्या आधी. तू ओतलीस तेही बघितलं. का ओतलीस?"

"तुम्हाला वाईट वाटलं असतं," डॉक्टर हळूच म्हणाला. "दुरुस्त तर होतंच आहे. मला वाटलं, कशाला..."

"माझ्या वाईट वाटण्याला घाल चुलीत! मला डबे ओळखू येत नाहीत. एक दिसत नाही तर दुसराही दिसत नाही. स्टिअरिंगमध्ये मी ब्रेकचं तेल ओतलं. मग ब्रेकमध्ये काय ओतलं?"

डॉक्टर उठून उभा राहिला तेव्हा त्याचा हात गाडीच्या दारावर होता. मागच्या दारावर, जिथं त्याची मुलगी बसायची.

"ब्रेकच्या रबराला ते लाल तेल लागलं तर तेही फुगतं," आप्पा म्हणाले. आवाज आता खाली आला होता. "स्टिअरिंग जड झालं तर कळतं तरी. ब्रेक लागतोय लागतोय म्हणता एक दिवस पाय तळाला जातो. दर बुधवारी नेतोय मी तिला."

"तुम्ही ब्रेकचं कधी भरलं होतंत?"

"तेच आठवत नाहीये. भरलं असेल. नसेलही."

मग डॉक्टर म्हणाला, "हे मला सुचायला हवं होतं. तुमच्या मनाचा विचार करत बसलो आणि हे सुचलंच नाही."

"तपासता येईल," आप्पा म्हणाले. काम सुचलं की त्यांचा आवाज ताळ्यावर येई. "ब्रेकचं तेल पाण्यात विरघळतं. हे लाल वर तरंगतं. दोन ग्लास पाणी आण."

माई ग्लास घेऊन स्वतःच आल्या. आरडाओरडा ऐकून त्या दारापर्यंत आलेल्याच होत्या. त्या उंबऱ्यापाशीच उभ्या राहिल्या. डॉक्टरनं बॅगेतून नवी सिरिंज काढली. आधी लाल तेलाचा एक थेंब पहिल्या ग्लासात सोडला. थेंब चपटा होऊन पाण्यावर पसरला आणि तिथंच राहिला. मग ब्रेकच्या डबीचं झाकण उघडून त्यानं सिरिंजला बारीक नळी जोडली आणि अगदी तळातून तेल ओढलं.

"तू बघ," आप्पा म्हणाले. "मला दिसणार नाही." हे वाक्य बोलताना त्यांना वाटलं होतं तितकं जड गेलं नाही.

थेंब दुसऱ्या ग्लासात पडला. खाली गेला, त्याची एक रेघ झाली, रेघेचं धुकं झालं आणि नाहीसं झालं.

"विरघळला."

"परत टाक."

दुसराही विरघळला. तिसरा त्यांनी मागच्या चाकाजवळची हवा काढायची चावी ढिली करून तिथून घेतला, तोही विरघळला. मग आप्पांनी डबीच्या झाकणाचं रबर काढून बोटांनी दाबलं. ताठ होतं, फुगलेलं नव्हतं. त्यांचा जीव भांड्यात पडला. ते पुन्हा त्या बादलीवर बसले, आणि डॉक्टर फरशीवर, गाडीच्या चाकाला टेकून.

माईंनी विचारलं, "कधीपासून दिसत नाही?"

"डावा वर्षभर. उजवाही आता तसाच होत चाललाय."

"आणि मी म्हणतेय, हे मला पेपर वाचायला का लावतात. मला वाटलं, म्हातारपणी प्रेम उतू चाललंय." त्या दोन्ही ग्लास उचलून आत गेल्या. आत त्यांनी ते जरा जोरातच ठेवल्याचं ऐकू आलं.

डॉक्टर बराच वेळ हातमोज्याची बोटं उलटी करत होता. "आप्पा, मी काल गाडीची किल्ली मागायला आलो होतो."

"माहीत आहे मला."

"तोंडातून निघालंच नाही."

"मलाही तेच बरं वाटलं. दोघांचंही चुकलं."

"एक सांगू?" डॉक्टरनं घराच्या दाराकडे बघितलं. "ठकी पहिल्यांदा माझ्याकडे आली ती पेशंट म्हणून. दवाखाना नवा होता, मी घाबरलेलो. तिची दाढ दुखत होती आणि मी शेजारची भरली. चांगली, धडधाकट दाढ."

आप्पांनी मान वर केली. "मग?"

"दुसऱ्या दिवशी ती गाल धरून परत आली. मी म्हटलं, दोन्ही भरायच्याच होत्या, एक काल, एक आज."

"आणि तिला पटलं?"

"पटलं. मग तिसऱ्यांदा मीच बोलावलं. त्याला मात्र दातांचं कारण नव्हतं."

आप्पांच्या पोटातून हसू उसळलं ते थांबेना. डोळ्यांत पाणी आलं, खांदा दुखू लागला, तरी ते हसत होते. "तिला सांगितलंस?"

"नाही अजून."

"सांग. सोळा वर्षं झाली. आणि सांगशील तेव्हा मला बोलाव."

दुपारपर्यंत पेटीचं सील बसलं. नवी नळी आवळली. जुन्या घाणेरड्या तेलाचा अंशही आत राहू नये म्हणून आप्पांनी सगळं दोनदा नव्या तेलानं धुवायला लावलं. प्रत्येक वेळी डॉक्टरनं डबा उचलला की आप्पा म्हणायचे, "वाच," आणि डॉक्टर मोठ्यानं, अक्षर न अक्षर वाचून दाखवायचा. पट्टा चढवला. अंगठ्यानं दाबून तो किती दबतो हे आप्पांनी बघितलं आणि म्हणाले, "सूतभर ढिला आहे." डॉक्टरनं पट्टी लावली. खरंच ढिला होता. बोटांना दिसायला डोळे लागत नव्हते.

शेवटचं काम हवा काढायचं. तेलाच्या डबीत बुडबुडे येतात का ते एकानं बघायचं आणि दुसऱ्यानं आत बसून चाक या टोकापासून त्या टोकापर्यंत हळूहळू फिरवायचं. बघायचं काम तीस वर्षं आप्पांचं होतं आणि चाक फिरवायला माई बसायच्या. आज आप्पा न बोलता दार उघडून आत बसले आणि डॉक्टर डबीवर वाकला.

"येतायत का?"

"खूप. सोड्यासारखे."

"थांबू या. बसू दे फेस." पाच मिनिटांनी, "आता?"

"कमी झाले. परत डावीकडे... हं. आता एकच आला. आता नाही."

आप्पांनी किल्ली फिरवली. इंजिन सुरू झालं. पंप कण्हला, डॉक्टरनं घाईनं थोडं तेल ओतलं, आणि कण्हणं कमी होत होत इंजिनाच्या आवाजात विरून गेलं. गाडी स्टँडवरून खाली घेतली. आप्पांनी एक बोट चाकावर ठेवलं. बोट फिरलं आणि त्याच्याबरोबर चाक फिरलं. ते बराच वेळ डावीकडे-उजवीकडे करत बसले. डॉक्टर खिडकीपाशी उभा होता.

ठकी आली तेव्हा चार वाजले होते. ती शेडच्या दारात उभी राहिली, नवऱ्याच्या कपाळावरचं ग्रीस बघितलं, बापाचा चेहरा बघितला. "मी याला एक काम सांगून पाठवलं होतं," ती म्हणाली.

"ते मी करतो," आप्पा म्हणाले. त्यांनी किल्ली काढून तिच्या हातात ठेवली आणि उभ्या-उभ्याच सगळं सांगितलं. डोळ्यांचं, डब्यांचं, शिंप्याच्या पाटीचं. बरणीचंही सांगितलं, पण ती कुणी ओतली हे सांगितलं नाही. ते डॉक्टरनं स्वतः मध्येच सांगितलं.

ठकी रागावेल असं दोघांनाही वाटलं होतं. तिचे डोळे भरून आले. "आप्पा, मागच्या महिन्यात मी तुम्हाला तिचं प्रगतिपुस्तक दाखवलं होतं. तुम्ही म्हणालात, वा, छान. आणि त्यात गणितात नापास होती ती. मला वाटलं, तुम्ही मोठ्या मनानं घेतलंत."

"गणितात?" आप्पा दचकले. "माझी नात?"

"आधी डोळे," ठकी डोळे पुसत म्हणाली. "गणिताचं मग बघू."

मोतीबिंदू असेल आणि असला तर काढता येतो, असं डॉक्टर म्हणाला. डोळ्यांचा डॉक्टर त्याच्या कॉलेजातला मित्र होता. मंगळवारी सकाळी जायचं ठरलं. तोवर, आणि नंतरही डोळ्यांच्या डॉक्टरनं परवानगी देईपर्यंत, आप्पांनी गाडीला हात लावायचा नाही. आप्पा "बरं" म्हणाले. इतक्या लवकर म्हणाले की माईंनी त्यांच्या कपाळाला हात लावून बघितला.

पण दुरुस्त केलेली गाडी रस्त्यावर फिरवून बघितल्याशिवाय काम पुरं झालं असं म्हणता येत नाही. म्हणून ठकीनं किल्ली नवऱ्याला दिली. आप्पा त्याच्या शेजारी बसले. आयुष्यात पहिल्यांदा या गाडीत डाव्या-उजव्याची अदलाबदल झाली होती, आणि हाताला काही काम नसल्यामुळं त्यांना ते कुठं ठेवावेत ते कळेना. मायलेकी मागं बसल्या. डॉक्टरनं गाडी फाटकातून बाहेर काढली, वळणावर चाक फिरवलं आणि ते इतकं हलकं फिरलं की गाडी पार रस्त्याच्या पलीकडे गेली.

"अरे, अरे! दाढ उपटतोयस का? बोटानं फिरव, बोटानं!"

"बोटानंच फिरवतोय, आप्पा."

"मग करंगळीनं फिरव. आणि बघ समोर, माझ्याकडे काय बघतोस?"

"तुम्ही बोलताय म्हणून."

"बोलताना बघायला लागतं का? ऐक नुसतं. आता उजवीकडे. सरळ धर. सरळ!"

"आप्पा, चालवू द्या ना त्याला," ठकी मागून म्हणाली.

"चालवतोय कुठं, नाचवतोय."

बाजाराची गल्ली संपली आणि पाण्याच्या टाकीकडं जाणारा मोकळा रस्ता लागला. तिथं डॉक्टरला हात बसला. चाक एका जागी धरलं, गाडी सरळ धावू लागली, पंपाचा आवाज नाही, खाली कुठं थेंबाचा डाग नाही. आप्पांनी कान देऊन बराच वेळ ऐकलं. मग त्यांनी काच खाली केली आणि कोपर खिडकीवर ठेवलं.

"पुढच्या चौकातून वळव," ते म्हणाले. "जरा हळू. आणि ते दाढेचं सांगणार होतास ना तिला, ते आता सांग. परत कुणी शांत बसलेलं मिळायचं नाही."

"कसलं दाढेचं?" ठकी पुढं झुकून म्हणाली.

डॉक्टरनं आरशात तिच्याकडे बघितलं आणि वळणावर गाडी अगदी बेतानं, एका बोटानं वळवत सांगायला सुरुवात केली.